पूर्व भागातील अंगणांत मनाच्या आजाराविषयी बोलताना

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर, कुचन नगर आणि पुढे हैदराबाद रस्त्यावरील विडी घरकुलापर्यंत, घराघरांत आजही तेलुगू बोलली जाते. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून, पद्मशाली विणकरांची कुटुंबे येथे आली, गिरण्यांत आणि मागांवर रुळली आणि गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग व विड्या यांच्या आधाराने टिकून राहिली. त्यांना आज कोणी परके म्हणत नाही आणि म्हणूही नये, कारण सोलापूरची चादर त्यांच्याच हातची आहे. तरीही मन आजारी पडल्यावर मदत कोठे मागायची हा प्रश्न आला की स्थलांतराच्या खुणा अजून दिसतात. घरची भाषा वेगळी, वस्ती एकाला एक लागून, मजुरी नगावर आणि सरकारी कचेरीचा धाक आजोबांच्या काळापासून चालत आलेला. गेली काही वर्षे मी या भागात मानसिक आरोग्याविषयी बोलण्याचे आणि गरजूंना उपचारांपर्यंत पोहोचवण्याचे काम करते आहे. ते कसे उभे राहिले आणि त्यातून काय हाती लागले, हे येथे नोंदवते.

मी मूळची शाळेतील समुपदेशक. वर्गात पेंगणारी, आठवडाभर गैरहजर राहणारी किंवा एकाएकी अबोल झालेली मुले माझ्याकडे पाठवली जात, आणि त्यांच्या घरी गेले की बहुतेक वेळा आजारी असे ती आई. तिला कित्येक महिने धड झोप नसे. छातीत धडधडे, हातापायांना मुंग्या येत, डोके जड राही, भूक मेलेली असे. ईसीजी काढून झालेला, रक्त तपासून झालेले, ताकदीची सलाईन लावून झालेली, आणि प्रत्येक ठिकाणी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगून तिला घरी पाठवलेले. रिपोर्टांची पिशवी ती माझ्यापुढे ठेवी आणि विचारी, काही नाही तर मग हे होते कशाने? या प्रश्नाचे उत्तर तिला आजवर कोणीच दिले नव्हते. उदासीनता आणि चिंता हे आजार आहेत, ते शरीराच्या तक्रारींच्या रूपाने येतात आणि उपचारांनी बरे होतात, ही तीन वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

हे एका वस्तीपुरते नाही. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी साधारण एका प्रौढाला त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविनाच होते. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आमच्या अंगणांत जे दिसत होते ते याहून निराळे नव्हते.

आमचा गट हळूहळू जमला. त्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, तेलुगू माध्यमाच्या शाळेत आयुष्य घालवलेले एक सर होते, आणि समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या काही मुली होत्या, ज्यांच्या स्वतःच्या आया विड्या वळूनच घर चालवत होत्या. या मुलींचे मोल मला पुढे फार जाणवले, कारण त्या कोणत्याही अंगणात गेल्या तरी कोणाची तरी नात किंवा भाची म्हणून बसू शकत. एका मनोविकारतज्ज्ञांनी आम्हाला प्रशिक्षण दिले आणि पहिल्याच दिवशी आमची मर्यादा आखून दिली: निदान करायचे नाही, औषध सुचवायचे नाही, सल्ला देण्याची घाई करायची नाही, नीट ऐकायचे, धोका ओळखायचा आणि योग्य ठिकाणी पोहोचवायचे. सल्ला न देणे हे सर्वांत अवघड गेले. समोरची बाई रडत असताना ‘धीर धरा, मुलांकडे बघा’ हे शब्द आपोआप ओठांवर येतात. पण ते ऐकले की तिचे बोलणे तेथेच थांबते.

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती आम्ही शिकलो. मागील दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, थकवा येतो का, आपण कुचकामी आहोत असे वाटते का, अशा प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ या उत्तरांनुसार 0 ते 3 गुण दिले जातात, एकूण 27 पैकी 10 किंवा अधिक गुण झाले की डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरायचा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारायला आमच्यापैकी प्रत्येकजण बिचकत होता, कारण विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले की असे होत नाही. उलट कोणीतरी सरळ विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आम्हाला तोच अनुभव वारंवार आला. प्रश्नावली तेलुगूत करून घेताना सरांनी पुस्तकी भाषा बाजूला ठेवली आणि सोलापुरात बोलली जाणारी, मराठी शब्द मिसळलेली तेलुगू घेतली.

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी सभागृह घ्यावे, तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, फलक लावावेत, अशी सर्वत्र पद्धत आहे, आणि आमच्या भागातही असे कार्यक्रम होतात. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या बाईला रोज ठरावीक विड्या वळून कारखान्यात द्यायच्या आहेत, ती दुपारी दोन तास खुर्चीवर बसून भाषण ऐकू शकत नाही, कारण त्या दोन तासांची मजुरी तिच्या घरच्या गॅसची किंवा बचत गटाच्या हप्त्याची असते. शिवाय त्या सभागृहात जाताना शेजारणीने पाहिले तर संध्याकाळपर्यंत गल्लीत बोलणे होते. म्हणून आम्ही ठरवले की काम चालू असेल तेथेच जाऊन बसायचे.

दुपारी तीनच्या सुमारास जेवणे आटोपलेली असतात आणि घराच्या सावलीला चार-पाच बायका पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पाने ओल्या फडक्यात असतात. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचे, दोऱ्याने बांधायचे, आणि हे सगळे सुपाकडे न बघता. माझ्या लक्षात आले की हात असे गुंतलेले असताना बाई मोकळेपणाने बोलते. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून विचारले तर ‘सगळं बरं आहे, अक्का’ असे उत्तर येते. तोच प्रश्न तिच्या शेजारी बसून, पाने पुसता पुसता विचारला की उत्तर लांबत जाते. पहिल्या दिवशी आम्ही आजाराचे नावही काढत नसू. झोप कशी लागते, एवढाच विषय. मग एकजण सांगे की तिला पहाटे तीनला जाग येते आणि मग कर्जाचे आकडे डोक्यात फिरतात. दुसरी म्हणे, माझेही तसेच. एकीचे बोलून झाले की बाकीच्यांना आपण एकट्या नाही हे कळे, आणि जागृतीचे निम्मे काम तेथेच होऊन जाई.

मात्र जे सर्वांसमोर बोलता येत नाही त्यासाठी वेगळी सोय हवी होती. एका खोलीच्या घरात, जेथे भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येते, तेथे नवऱ्याच्या मारहाणीविषयी किंवा मरणाच्या विचारांविषयी बोलायला जागाच नसते. आमच्या परिचारिका बाईंनी आपल्या घराची एक खोली त्यासाठी दिली. रक्तदाब मोजून घ्यायला जाते, असे सांगून बाई तेथे येऊ शकत होती, आणि रक्तदाब खरोखरच मोजला जात होता.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून कोणी जात नाही, हे फार लवकर कळले. शासकीय रुग्णालयात, ज्याला सोलापुरात सगळे सिव्हिल म्हणतात, मनोविकार विभाग आहे, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते रुग्णालय संलग्न आहे. पण वस्तीपासून तेथवर जायचे म्हणजे रिक्षाचे पैसे, केसपेपरची रांग, कोणत्या खोलीत जायचे याचा शोध, मराठीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे, औषधांची दुसरी रांग, आणि या सगळ्यात अख्ख्या दिवसाच्या विड्या बुडणार. ज्या बाईला आजारामुळे अंथरुणातून उठणेच जड झाले आहे, तिने हे एकटीने पार पाडावे ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून आम्ही सोबतीची पद्धत लावली. पहिल्या भेटीला गटातील कोणीतरी घरापासून बरोबर जायचे, केसपेपर काढून द्यायचा, डॉक्टरांच्या खोलीबाहेर थांबायचे, औषध कसे घ्यायचे ते तेलुगूत पुन्हा सांगायचे आणि घरी सोडायचे. त्या दिवशीच्या विड्यांचा काही वाटा शेजारणींनी उचलायचा, हे बायकांनी स्वतःहून ठरवले आणि बऱ्याच अंगणांत ते पाळले गेले. आमच्या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान याचे वाटते.

भाषेचा एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा. चाळिशीतील एक बाई आपल्या शाळकरी मुलाला घेऊन एका खासगी दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टर मराठीत विचारत होते आणि मुलगा तेलुगूत सांगत होता. जीव नकोसा वाटतो का, या प्रश्नापाशी मुलगा अडखळला, आणि आईने त्याच्या तोंडाकडे बघून ‘लेदू’, म्हणजे ‘नाही’, असे सांगितले. नंतर आमच्या मुलीपाशी बोलताना त्या म्हणाल्या की मनात तो विचार रोज येत होता, पण पोराच्या तोंडून तो कसा जाऊ द्यायचा? डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘नाही’ अशीच नोंद गेली. दुभाष्याचे काम मुलांवर टाकले की निदान अर्धवट राहते आणि मुलाच्या डोक्यावर न पेलणारे ओझे बसते. तेव्हापासून घरचा माणूस सोबत असला तरी भाषांतर गटातील मुलगीच करील, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधील कलम 22 नुसार आपला आजार आणि उपचार यांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. हे कलम आम्ही तेलुगूत छापून घेतले आणि सोबत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत ठेवले.

उपचार सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ किंवा गुंगीसारखे त्रास आधीच जाणवतात. गोळीने गुण आला नाही, उलट काम मंदावले, असे म्हणून बाई ती बंद करते. बरे वाटू लागल्यावर पुन्हा तेच होते, गरज संपली असे वाटते, तर डॉक्टर सांगतात की बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावे आणि बंद करायचे ते त्यांच्याच सल्ल्याने, हळूहळू. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून मधेच सोडायची नसते, ही तुलना येथे उपयोगी पडली. या पहिल्या आठवड्यांत आमच्या मुली दर दोन दिवसांनी अंगणात डोकावून येत.

देवाधर्माशी आम्ही कोठेही वाद घातला नाही. कोणी देवऋषीकडे जाऊन आलेले असे, कोणी गावाकडच्या देवीला नवस बोललेला असे. नवस फेडा, पूजा करा आणि गोळीही घ्या, असेच आम्ही म्हणत राहिलो. साखळीने बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे असे काही दिसले तर मात्र आम्ही स्पष्ट विरोध केला. लोकांना देवापेक्षा सोयरिकीची भीती जास्त असते. घरात कोणाला मनाचा आजार आहे हे कळले तर मुलीचे लग्न जमणार नाही, या एका भीतीपायी कितीतरी घरांत विशीतील मुलामुलींचे गंभीर आजार वर्षानुवर्षे दडवून ठेवलेले आढळले, आणि उशीर झाल्यामुळे ते अधिक चिवट झाले. या भीतीवर आमच्याकडे उत्तर एकच होते: गुप्तता. कोणाच्या घरी काय ऐकले ते दुसऱ्या घरी जाणार नाही, हे आमच्या वागण्यावरून पटायला बराच काळ गेला.

पुरुषांपर्यंत पोहोचणे यापेक्षा कठीण होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये खटखटाटामुळे शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, पाळी बारा तासांची, आणि सुटल्यावर अनेकांची पावले दारूच्या दुकानाकडे वळतात. दारूमुळे होणारा आजार हा चारित्र्याचा दोष मानला जात असल्याने उपचारांचा विचारच होत नाही. आधी उल्लेखिलेल्या सर्वेक्षणातही दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी 86 टक्के उपचारांविना होते. अनेक वर्षे दररोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर कंप, भ्रम, प्रसंगी झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी लागते, ही माहिती चहाच्या टपरीवर दिल्यावर पहिल्यांदा काही पुरुष थांबून ऐकू लागले. शपथ घेऊन सोडण्याचा आणि चार दिवसांनी पुन्हा धरण्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी होता, आणि त्यामागे शरीराचे कारण आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कुटुंबे गप्प बसतात ती बहुतांशी पोलिसांच्या भीतीने. 2017 च्या कायद्यातील कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नसते, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी असते. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलेच नाही. असा धोका दिसला की आमची रीत ठरलेली आहे: त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, घरातील औषधे, विषारी द्रव्ये दूर करायची, विश्वासातल्या एका माणसाला सांगायचे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

आता बांधकामांवर आणि कारखान्यांत हिंदी भाषक मजूर येतात, त्यांच्यापाशी अंगणही नसते आणि शेजारीणही नसते. त्यांच्यासाठी, आणि रात्री-अपरात्री अस्वस्थ होणाऱ्या कोणासाठीही, टेलि-मानस ही सरकारी सेवा मोठा आधार आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी ती सुरू झाली. 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी यांसह 20 भाषांत प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. आम्ही हा क्रमांक केवळ सांगून थांबत नाही. समोरच्याच्या मोबाईलवर तो साठवून देतो आणि त्याची तयारी असेल तर तेथेच एकदा लावून, भाषा कशी निवडायची ते दाखवतो.

सध्या आमचे लक्ष शहराबाहेरच्या कुंभारी गावाकडे आहे. तेथे विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची वसाहत पूर्वीच झाली होती; आता असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर उभे राहते आहे आणि त्यातील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कुटुंबांना मिळाली. स्वतःचे पक्के घर मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी ती घडवून आणली त्यांच्याविषयी मनात आदर आहे. पण पेठेतील चार पिढ्यांचा शेजार सोडून शहराबाहेर राहायला जाणे हेही स्थलांतरच आहे. जुन्या अंगणातील ज्या शेजारणी मुले सांभाळत आणि विड्यांचा वाटा उचलत, त्या आता वेगवेगळ्या इमारतींत विखुरल्या आहेत, आणि सिव्हिल पूर्वीपेक्षा लांब गेले आहे. झोप नाही, करमत नाही, अशा तक्रारी तेथे सर्रास ऐकू येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला तो बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगावरून, आणि उपचार लोकांच्या जवळ नेणे हाच त्याचा गाभा होता. त्याच आधाराने आम्ही निवेदन दिले आहे की मनोविकारतज्ज्ञांनी महिन्यातून ठरलेल्या दिवशी कुंभारीत बसावे, तो दिवस विड्या देण्याच्या वेळेशी आड येऊ नये, आणि मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात तेलुगू व कन्नड जाणणारी एक व्यक्ती नेमावी. निवेदनाचा पाठपुरावा सुरू आहे. दरम्यान गटातील मुलींनी रे नगरमध्ये इमारतीनिहाय बायकांची ओळख करून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि पहिल्या भेटीला सोबत जाण्याची पद्धत तेथेही तशीच चालू ठेवली आहे.